दुसऱ्या प्रयोगाचं काय?

फोंडा तालुक्यातल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वय २८. हायस्कुलात नाट्यकला शिक्षिका, यंदाच नोकरीत कायम झाल्या. गाण्यात विशारद. गावच्या देवळातल्या उत्सवी नाटकांत लहानपणापासून वावर. आजवर दोन संगीत नाटकं लिहून स्वतःच बसवली. पहिलं गावच्या उत्सवात झालं, दुसरं स्पर्धेत. दुसऱ्याला लेखनाचं पहिलं आणि सादरीकरणाचं दुसरं बक्षीस मिळालं, पण त्या रात्रीनंतर ते नाटक पुन्हा उभं राहिलं नाही. मुंबईच्या एका निर्मात्याकडून ‘इकडे या, सहायक म्हणून बघू’ असा निरोप आहे. वडील म्हणतात, नाटक उत्सवापुरतं बरं, कायमची नोकरी कोण सोडतं? त्यातच दुसऱ्या तालुक्यातल्या एका मंडळाला हे नाटक करायचं आहे. पण ज्या पेटीमास्तरांनी चौदा पदांना चाली लावल्या ते म्हणतात, चाली माझ्या, मी देणार नाही. गोव्यात व्यावसायिक रंगभूमी नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या विचारतात : नोकरी सोडून मुंबईला जाऊ का? लेखन, दिग्दर्शन आणि संगीत तिन्ही स्वतःच्याच हाती घेतलं तर असे तंटे टळतील का? आणि तिशी उलटली की या क्षेत्रात कुणी विचारत नाही, हे खरं का?

*

तुमच्या पत्रात मुंबईवर दीड पान आहे, नोकरीवर एक पान आहे, आणि बक्षीस मिळालेलं नाटक पुन्हा का झालं नाही यावर एकच वाक्य आहे : ‘नंतर सगळ्यांच्या तारखा जमल्या नाहीत.’ मला विचाराल तर तुमच्या सगळ्या प्रश्नांचं मूळ त्या वाक्यात आहे. नोकरी आणि मुंबई यांचं नंतर बघू. तुम्हाला नाटक लिहिता येतं आणि बसवता येतं हे परीक्षकांनी सांगितलंच आहे. ते चालवता येतं का, हे अजून तुम्हालाही माहीत नाही. आणि लेखक-दिग्दर्शक म्हणून पोट भरायचं तर ते चालवण्यावरच भरतं.

तारखा का जमल्या नाहीत ते तुम्ही पत्रात दुसरीकडे लिहून गेला आहात. बावीस कलावंत, तीन दृश्यबंध (सेट), चौदा पदं, पावणेतीन तास. स्पर्धेसाठी हे चालून जातं. एका रात्रीसाठी बँकेतला, वीजखात्यातला, दुकानातला माणूस रजा टाकतो, दोन महिने रात्री साडेनवाला तालमीला येतो, पेट्रोलचे पैसे मागत नाही, कारण मंडळाची इभ्रत पणाला लागलेली असते. दुसऱ्या प्रयोगाला ती इभ्रत निम्म्याने उतरते. तिसऱ्याला गाडी कधी सुटणार, जेवण कुठे आणि मानधन किती, हेच विचारतात. आणि त्यांचं काही चुकत नाही. शिवाय कार्तिकापासून वैशाखापर्यंत जत्रा-उत्सवांचा हंगाम. बावीसपैकी निम्मे जण तेव्हा आपापल्या गावच्या देवळात रंग लावून उभे असतात. त्यांची एक समाईक मोकळी तारीख सापडणार कशी?

तेव्हा नवीन नाटक लिहायला बसू नका. तेच नाटक नऊ ते अकरा माणसांत बसेल असं पुन्हा लिहा. एकेका प्रवेशापुरती येणारी पात्रं एकत्र करा, दोन नटांना दोन-दोन भूमिका द्या. वेषांतराला निदान चार मिनिटं मिळतील अशी प्रवेशांची रांग लावा. नुसती गर्दी म्हणून उभी असलेली माणसं काढून टाका, विंगेतून आवाज दिला तरी गाव उभं राहतं. तीन दृश्यबंधांच्या जागी एकच, आणि त्यातले दोन-तीन भाग हलवता येणारे. सगळं सामान एका टेम्पोत मावलं पाहिजे आणि चार माणसांनी दोन तासांत उभं केलं पाहिजे. फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिराच्या मापाने केलेला दृश्यबंध देवळाच्या रंगमंचावर अडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. लहान रंगमंचाचं माप धरून बांधा. मोठ्या रंगमंचावर तो काळ्या पडद्यांनी भरून काढता येतो, उलट मात्र होत नाही. प्रत्येक जागेची रुंदी, खोली, उंची, विंगेतली जागा आणि किती किलोवॉटचा वीजभार मिळतो हे आधी जाऊन वहीत उतरवायचं. पहिल्या अंकाच्या मध्यावर फ्यूज उडतो तो वीजभार न विचारल्यामुळेच.

वेळेचा हिशेबही पानांवरून करू नका. संगीत नाटकात पान फसवतं. गद्याचं एक पान साधारण दोन मिनिटं खातं, पण सहा ओळींचं पद गायकाच्या मर्जीने तीन मिनिटांचंही होतं आणि नऊचंही. दोन तास पंधरा मिनिटांचं नाटक धरा. पदं अकरा, प्रत्येकाला सरासरी चार मिनिटं, म्हणजे चव्वेचाळीस मिनिटं गेली. उरली एक्क्याण्णव, म्हणजे पंचेचाळीस पानं गद्य. तुमची संहिता बासष्ट पानांची आहे असं लिहिलंय. सतरा पानं आणि तीन पदं जाणार, हे मनाशी आताच ठरवा. कालावधी संहितेत पदाच्या डोक्यावर लिहून ठेवायचा आणि तालमीत घड्याळ लावून रोज नोंदायचा. ‘वन्स मोअर’ आला तर काय, हेही आधी ठरलेलं असावं : फक्त अंतरा, तोही एकदाच. नाहीतर दुसऱ्या अंकाला लोक घड्याळ बघायला लागतात आणि दोष लेखिकेला देतात.

कुठली तीन पदं काढायची? पद काढून प्रवेश वाचून बघा. पुढचं वाक्य जराही अडखळलं नाही तर ते पद नाटकाचं नाही, गायकाचं आहे. गायकाची पदं ठेवूच नयेत असं माझं म्हणणं नाही. संगीत नाटकाचा प्रेक्षक, विशेषतः आपल्याकडचा, त्यासाठीही तिकीट काढतो. पण अशी दोनच ठेवा. तुमच्या नाटकात ती पाच तरी असावीत असा मला संशय आहे, कारण तुम्ही स्वतः गाता. गाणाऱ्या लेखिकेला आपल्या आवडत्या रागासाठी प्रसंग लिहिण्याचा मोह होतो. प्रसंग आधी हवा. बोलणं संपलं, पण भावना तशीच उरली आहे, अशा जागी पद आलं की ते घट्ट बसतं. संवादात आलेलीच गोष्ट पदात परत आली तर प्रेक्षक खोकतो.

शब्द आणि चाल यांचं भांडण तुमच्याकडे झालेलं दिसतं. मास्तरांनी ‘शब्द बदलले’ असं तुम्ही जरा रागाने लिहिलंय. रागवण्याआधी बदललेले शब्द पुन्हा गाऊन पाहा. सोळा मात्रांच्या त्रितालात मुखडा, म्हणजे पदाची सुरुवातीची ओळ, नवव्या मात्रेवरून उचलला तर आठ मात्रांनी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येते. त्या समेवर ओळीतला कुठला शब्द पडतो? ‘नाव दूर गेली सखे’ यात ‘गेली’ समेवर आलं तर निरोप ऐकू येतो. ‘सखे’ आलं तर नुसती हाक उरते. लांबवायचा स्वर आ, ई, ए, ओ अशा मोकळ्या अक्षरावर यावा. जोडाक्षरावर तान अडते, आणि गायक त्या जागी स्वतःचा शब्द घालतो. मास्तरांनी तेच केलं असेल तर ती तुमच्या लेखनातली दुरुस्ती आहे, आणि पुढच्या वेळी ती तुम्हालाच करता आली पाहिजे. पण अर्थ बदलला असेल तर मूळ शब्द परत आणा आणि त्यांना बसेल अशी चाल मागा.

स्वराचंही आताच ठरवा, कारण कलावंत बदलले की पहिली कुऱ्हाड यावरच पडते. पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर नायक काळी एकमध्ये, नायिका काळी चारमध्ये, आणि द्वंद्वगीतात दोघांची ओढाताण, हे नेहमीचं. नायकाचा षड्ज (सा) काळी एक ठेवून नायिकेने त्याचा मध्यम (म), म्हणजे काळी तीन, आपला षड्ज मानून गायलं तर ऑर्गनवाल्याला पट्टी न बदलता दोघांना आपापल्या जागी गाता येतं. मात्र चाल बांधतानाच हे मनात असावं लागतं. द्वंद्वगीत आणि त्याच्या आगेमागची पदं शक्यतो एकाच पट्टीभोवती ठेवा. लागोपाठ तीन पट्ट्या बदलल्या की तबलजीचे हाल होतात. त्याच्याकडे निदान दोन तबले हवेत, खालच्या पट्टीचा एक आणि वरच्या पट्टीचा एक. आपल्याकडे पावसाळ्यात तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, ओलावा धरते आणि स्वर उतरतो. वातानुकूलित नाट्यगृहाच्या कोरड्या हवेत तोच चढतो. म्हणून तबले प्रयोगाआधी दोन तास सभागृहात आणून ठेवायचे आणि तिसरी घंटा होण्यापूर्वी पुन्हा लावायचे. नायिकेचा कॉलर माइक दागिन्यांवर घासला की खरखर येते, तेव्हा रंगीत तालीम दागिन्यांसकट. ध्वनीचा मिक्सर सांभाळणाऱ्याच्या हातात संहिता असलीच पाहिजे. गद्यातून पदात जाताना माइक कुठे उतरवायचा हे त्याला ऐकून नाही, वाचून कळलं पाहिजे. आणि ऑर्गनचा स्वर रंगमंचावर ऐकू जाईल असा एक छोटा स्पीकर विंगेत ठेवा. बेसूर म्हणून ज्याला बोल लागतात तो नट पुष्कळदा नुसता बहिरा पडलेला असतो.

तालमींसाठी नऊ आठवडे धरा. आठवड्याला चार रात्री, रात्री अडीच तास; म्हणजे छत्तीस रात्री, नव्वद तास. पहिले दोन आठवडे बसून वाचन आणि दुसऱ्या खोलीत पेटीवर पदं. तिसऱ्या आठवड्यापासून पद प्रवेशाच्या आतच म्हणायचं, पाठ नसलं तरी, कागद हातात घेऊन. इथेच बहुतेक मंडळं चुकतात. पदं शेवटपर्यंत वेगळी बसवतात, मग प्रयोगात नट बोलता बोलता पुढे येतो, पाय जुळवतो आणि बैठकीला बसल्यासारखा गायला लागतो. समोरचं पात्र खांबासारखं उभं. ऐकणाऱ्या पात्राने पदभर काय करायचं, हे लेखिकेने संहितेत लिहावं आणि दिग्दर्शिकेने बसवावं. तबला पाचव्या आठवड्यापासून. सातवा-आठवा सलग तालमींचा. नववा रंगमंचावर, दिवे आणि ध्वनीसकट. गाणाऱ्या दोन मुख्य भूमिकांना पर्यायी कलावंत पहिल्या दिवसापासून तयार करायचे. घसा बसणं हे अपघातात मोडत नाही, ते वेळापत्रकात धरलेलंच बरं.

आता पैसे. शिक्षक मंडळींना हा विषय अवघड वाटतो, म्हणून उदाहरणादाखल आकडे घेते. तुमच्या वहीत तुमचे घाला. समजा तालमी, दृश्यबंध, कपडेपट मिळून उभारणीला १,२०,००० रुपये लागले. प्रत्येक प्रयोगाला नाट्यगृहाचं भाडं, ऑर्गन-तबला, नटांचं मानधन, दिवे, ध्वनी, रंगभूषा, टेम्पो, जेवण, जाहिरात मिळून ४५,००० रुपये. एकच प्रयोग केलात तर तो १,६५,००० ला पडला. दहा केलेत तर उभारणीचे १२,००० प्रत्येकावर चढतात, म्हणजे प्रयोग ५७,००० ला पडतो. २०० रुपये तिकिटाने २८५ प्रेक्षक आले की खर्च निघाला. आणि त्या ४५,००० मध्ये तुमचं लेखनाचं आणि दिग्दर्शनाचं मानधन वेगळ्या दोन ओळींत लिहिलेलं असलं पाहिजे. ते लिहीत नाही म्हणूनच ते मिळत नाही. ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी लागत नाही, तेव्हा दर ठरवताना ती भीती नको. देवस्थानाला किंवा संस्थेला ठोक रकमेवर प्रयोग विकलात तर तिकीटविक्रीचा घोर नाही, पण अर्धी रक्कम आगाऊ घ्या आणि वीज, मंडप, जेवण कुणाकडे हे कागदावर आणा.

सरकारी अर्थसाहाय्य मागायचं तर नोंदणीकृत संस्था असणं सोयीचं. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सदस्य लागतात. पणजीच्या संस्कृती भवनात कला व संस्कृती खात्याच्या योजना एकदा बसून वाचा. मंडळाचे हिशेब तपासून घेतलेले असले की निम्मं काम होतं.

तीनही कामं स्वतःकडे घेण्याचं म्हणता. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ उभं केलं तेव्हा भाषांतर, पदं, तालीम सगळं त्यांचंच होतं, हे खरं. पण १९११ च्या ‘मानापमान’पर्यंत नाटक खाडिलकरांचं आणि चाली गोविंदराव टेंब्यांच्या, अशी वाटणी रुळली होती. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’त लेखन-दिग्दर्शन दारव्हेकरांचं आणि संगीत मंगेशीच्या अभिषेकीबुवांचं. लेखन आणि दिग्दर्शन एका हाती असलं की फायदा होतो, कारण तालमीत वाक्य तिथल्या तिथे कापता येतं. संगीत तिसऱ्या कानाकडे असावं. आपल्याच शब्दांना आपणच चाल लावली की लांबलेलं पद लांब वाटत नाही. एकटीने सगळं केलं म्हणजे तंटा टळतो हेही खरं नाही. तो फक्त तालमीतून उठून प्रेक्षागृहात जातो.

मास्तरांचं म्हणणं कायद्याने अर्धं बरोबर आहे. पदांचे शब्द ही तुमची कृती, चाल ही त्यांची. कार्यक्रमपत्रिकेवर ‘संगीत : लेखिका आणि मास्तर’ छापलं म्हणून काही करार होत नाही. त्यांच्या संमतीवाचून त्यांच्या चाली दुसऱ्या मंडळाला देऊ नका. ते मंडळ नव्या चाली बांधून घेणार असेल तर मात्र मास्तर अडवू शकत नाहीत, कारण शब्द तुमचे. चौदांपैकी काही चाली जुन्या बंदिशींवर बेतलेल्या असतील तर त्या बंदिशींवर त्यांचा हक्क नाही, त्यांनी घातलेल्या भरीपुरताच आहे. पण हे सगळं त्यांच्यासमोर मांडायला जाऊ नका. तुमच्या पत्रावरून दिसतं की त्यांना कुणी विचारलंच नाही, मंडळाचा फोन थेट तुम्हाला आला. दोन महिने रात्री जागून ज्याने चौदा पदं पेटीवर बसवली त्याला ते लागणारच.

त्यांच्याशी एक पानी कागद करा : कोणती पदं, प्रत्येक प्रयोगामागे किती रक्कम, तिकिटाचा प्रयोग आणि उत्सवी प्रयोग यांना वेगळा दर, जाहिरातीत नाव कुठे, मुदत किती, प्रदेश कुठला. शेवटच्या दोन गोष्टी विसरू नका. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नाही तर १९५७ चा कॉपीराइट कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर सारा भारत धरतो. आणि घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरलाच नाही तर, वेगळं ठरलं नसेल तेव्हा, तो सुटतो. तुम्ही मुंबईच्या निर्मात्याला संहिता द्याल तेव्हाही हेच कलम तुमच्या बाजूने उभं राहील.

गोव्यातल्या सगळ्याच मंडळांना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट याच कायद्यात आहे. हौशी मंडळाने बिनतिकीट प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग हा हक्कभंग ठरत नाही. म्हणजे आपली बरीचशी उत्सवी नाटकं यात बसतात. तुमचं नाटक कुणी देवळात बिनपरवानगी केलं तर कायद्याने तुम्हाला फार काही करता येणार नाही. सौजन्याचा फोन आला तर आनंद माना. तिकीट लावलं की परवानगी हवीच. जुनं नाटक बसवायचं असेल तर हिशेब असा : लेखक गेल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. देवल, गडकरी, खाडिलकर आता मोकळे. १९६०च्या दशकातली बहुतेक नाटकं अजून नाहीत, आणि त्यांच्या चालींचा हिशेब संगीतकाराच्या मृत्यूपासून वेगळा करायचा.

मुंबईबद्दल. ‘सहायक म्हणून बघू’ हा प्रस्ताव नव्हे. विचारा : कुठलं नाटक, तालमी कधीपासून, किती आठवडे, मानधन तालमींना की फक्त प्रयोगांना, नाटक सुरू झाल्यावर सहायक ठेवतात का, नाव छापतात का. उत्तरं लेखी आली तर तो प्रस्ताव. व्यावसायिक नाटकांचे प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवारी लागतात, आणि प्रयोगागणिक मिळणाऱ्या पैशांत मुंबईचं घरभाडं बसवायचं असतं. तुम्हाला मे महिन्याची सुट्टी आहे. एका निर्मितीच्या तालमी त्या सुट्टीत बसून पाहा; दिग्दर्शक वाक्य कसं कापतो, निर्माता तारखा कशा मिळवतो, हे तेवढ्यात पुष्कळ दिसतं. आणि स्वतःचं नाटक महाराष्ट्रात न्यायचं असेल तर तिथल्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं; संहिता आधी पाठवावी लागते, आठवडाभर आधी जाग येऊन उपयोग नाही. सावंतवाडी, कुडाळ, बेळगाव इतक्या टप्प्यात तुमचा टेम्पो एका दिवसात जाऊन येऊ शकतो. पहिले दहा प्रयोग इथून शोधा.

गोव्यात व्यावसायिक रंगभूमी नाही, हे वाक्य मात्र मी तुमच्याकडून घेणार नाही. १८९२ साली मुंबईत सुरू झालेला तियात्र हा कोकणी नाट्यप्रकार आज गोव्यात प्रयोगावर प्रयोग करतो. लेखक, दिग्दर्शक आणि मंडळीचा मालक पुष्कळदा एकच, वाद्यवृंद समोर जिवंत, आणि कंत्राटदार प्रयोग विकत घेतो. मडगावच्या रवींद्र भवनात एका रविवारी जाऊन तो नुसता पाहू नका, मोजा : माणसं किती, दृश्यबंध किती वेळात बदलतो, पडदा बदलताना प्रेक्षकाला कांतारांनी, म्हणजे मधल्या गाण्यांनी, कसं धरून ठेवतात. आपल्या मराठी मंडळींनी शेजारच्या घरातलं हे शिक्षण घेतलं नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

दुसरं उत्पन्न तुमच्या दारातच आहे. गावोगावची उत्सवी मंडळं दिग्दर्शक बाहेरून बोलावतात. हंगामात दोन नाटकं बसवायला घेतलीत तर हातही वळतो आणि चार पैसेही मिळतात. बाई तालीम घेणार म्हटल्यावर एखाद्या गावात कुरबूर होईल. पहिल्याच बैठकीत तालमीच्या वेळा आणि तुम्हाला रात्री घरी पोचवण्याची जबाबदारी कुणाची, हे समितीकडून ठरवून घ्या. शाळेची लेखी परवानगी काढून ठेवा, म्हणजे मानधन घेताना कुणी बोट दाखवणार नाही.

तिशीचं म्हणाल तर ती अट एका ठिकाणी खरी आहे : राष्ट्रीय नाट्य विद्यालयात प्रवेशाला तीस वर्षांची मर्यादा असते, शिवाय पदवी आणि किमान सहा नाटकांचा अनुभव मागतात. तीन वर्षं दिल्लीत पूर्णवेळ शिकायचं मनात असेल तर निर्णय यंदा किंवा पुढच्या वर्षी घ्यावा लागेल, आणि बिनपगारी रजा मिळते का हे आधी विचारावं लागेल. पण संगीत नाटकासाठी ती वाट धरायलाच हवी असं मला वाटत नाही. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची कनिष्ठ अभ्यासवृत्ती २५ ते ४० वयासाठी आहे, दोन वर्षं, महिना १०,००० रुपये. तुमचा विषय तयारच आहे : गोव्यातली उत्सवी संगीत नाटकं. लेखक-दिग्दर्शकाचं वय प्रेक्षक विचारत नाहीत; नायिकेचं विचारतात, पण ते तुमचं काम नव्हे.

नोकरी तूर्त सोडू नका. वडिलांचं ऐकायचं म्हणून नव्हे. आज सोडलीत तर पहिल्या दिवसापासून नाटकाने तुम्हाला पोसावं लागेल, आणि त्या घाईत तुम्ही पहिली वाईट अट मान्य कराल. शिवाय नाट्यकला शिक्षिकेला वर्षभर मुलांचा आवाज, उच्चार आणि हालचाल घडवायला मिळते. त्यातूनच तुमचे पुढचे गाणारे नट निघतील. पुन्हा लिहिलेल्या नाटकाचे दोन हंगामांत दहा प्रयोग झाले आणि मानधनाच्या त्या दोन ओळींत खरोखर रक्कम पडली, तर नोकरीचा प्रश्न परत काढा. वडिलांसमोर तेव्हा भाषण करावं लागणार नाही, वही ठेवा. चार प्रयोगांतच गाडी रुतली तर कुठे रुतली ते त्याच वहीत दिसेल : माणसांत, पैशांत की पदांत.

दुसऱ्या तालुक्यातल्या मंडळाला लवकर उत्तर द्या. त्यांना कार्तिकात प्रयोग करायचा असेल तर नऊ आठवड्यांच्या तालमी गणेशाची चवथ उरकताच सुरू व्हायला हव्यात, आणि त्याआधी त्यांच्या हातात कापलेली संहिता आणि पदांचं ध्वनिमुद्रण पडायला हवं. चालींशिवाय ते मुद्रण होणार नाही. म्हणजे आधी मास्तर. या रविवारी त्यांच्या घरी जा, फोनवर बोलू नका. कागदाच्या दोन प्रती न्या, आणि रकमेची जागा कोरी ठेवा. आकडा त्यांनाच आधी सांगू द्या.